लाल वीट, हिरवं पान आणि एकच करडा: इमारतींचे फोटो कृष्णधवल करताना

१८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह आला की मोबाइलवर जुन्या वास्तूंचे कृष्णधवल फोटो येऊ लागतात. गेटवे, राजाबाई टॉवर, गावातला वाडा, किल्ल्याचा दरवाजा. वास्तू भव्य असते, पण फोटो पुष्कळदा धुऊन विटलेल्या कपड्यासारखा दिसतो. आकाश पांढुरकं, दगड करडा, शेजारचं झाडही करडं, आणि तिघांच्या कडा एकमेकांत शिरलेल्या. तोच फोटो रंगीत पाहिला तर चांगला असतो. म्हणजे बिघडलं ते रंग काढताना. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते एकदा नीट समजून घेतलं तर साध्या फोनवरही चांगलं काम होतं.

## रंग गेल्यावर मागे काय उरतं?

डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तीन आकडे धरून असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. शून्य म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. या प्रत्येक रंगाच्या थराला चॅनेल म्हणतात. कृष्णधवल फोटोत ठिपक्याला एकच आकडा मिळतो. तिनांचा एक करायचा, एवढंच काम. पण तो कसा करायचा यावर सगळा फोटो उभा असतो.

एक लाल वीट घ्या: लाल १८०, हिरवा ८०, निळा ६०. तिच्यावर आलेलं एक पान घ्या: लाल ८०, हिरवा १२०, निळा ६०. डोळ्यांना यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पण नेहमीच्या सूत्राने करडा काढला तर वीट येते १०८ आणि पान येतं १०१. दोन्ही जवळपास सारखेच. पान भिंतीत विरघळलं.

प्रगतिपुस्तकाचं पाहा. एका मुलाला गणितात भरपूर गुण आणि भाषेत कमी, दुसऱ्याला नेमकं उलट. शाळेने घरी फक्त एकूण गुण कळवले तर दोघं सारखेच वाटतील. वीट आणि पान यांचं तेच झालं. त्यांच्यातला फरक वेगवेगळ्या विषयांत होता, तो बेरजेत बुडाला. लाल चॅनेल एकटा पाहिला तर १८० विरुद्ध ८०: वीट उजळ, पान गडद. हिरवा एकटा पाहिला तर ८० विरुद्ध १२०: पान उजळ, वीट गडद. निळ्यात दोघांनाही ६०, तिथे काहीच हाती लागत नाही.

## मग ते ‘नेहमीचं सूत्र’ ठरवलं कोणी?

माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत तेज वाटतो, लाल त्याहून कमी आणि निळा खूपच कमी. दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांनी त्यावरून प्रमाण बांधलं: लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९ टक्के, निळा ११ टक्के. पुढे हाय डेफिनिशनसाठी ते २१, ७२ आणि ७ असं झालं. फोनमधलं किंवा संगणकावरचं ‘ग्रेस्केल’ बटण साधारण असंच काहीतरी करतं. चेहरे, बाजार, क्रिकेट यांसाठी ते ठीक आहे. इमारतींना वापरलेला मालाडचा पिवळसर दगड आणि त्यामागचं आकाश यांच्यासाठी ते कोणी बांधलेलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे फोटोशॉपचं ‘डीसॅच्युरेट’. ते तिनांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढतं. त्यात शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही एकाच करड्यावर येऊन बसतात. वास्तूच्या फोटोला या बटणाचा उपयोग नाही, असं सरळ म्हणावं.

## भाजणीचं प्रमाण

घरोघरी भाजणीचं प्रमाण वेगळं असतं. कुठे ज्वारी जास्त, कुठे हरभऱ्याची डाळ. डबा तेवढाच भरतो, पण थालीपीठ वेगळं लागतं. तीन चॅनेल कुठल्या प्रमाणात मिसळायचे हे आपण ठरवू शकतो, त्या साधनाला चॅनेल मिक्सर म्हणतात. फोटोशॉपमध्ये चॅनेल मिक्सर उघडून ‘मोनोक्रोम’वर खूण करायची; फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये ‘मोनो मिक्सर’ आहे. तिन्हींची बेरीज १०० टक्के ठेवली की फोटोचा एकूण उजेड जवळपास तेवढाच राहतो.

काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय घ्या. १८७० मध्ये बांधून झालेली ही इमारत पिवळसर मालाड दगडाची आहे. शेजारचं एल्फिन्स्टन कॉलेजही त्याच दगडाचं. उन्हातल्या अशा दगडाचे आकडे समजा २००, १७०, १२० आणि मागच्या आकाशाचे ११०, १६०, २२०. नेहमीच्या सूत्राने दगड १७३ आणि आकाश १५२. फरक अवघा २१, म्हणून फोटो विटका. आता लाल ७०, हिरवा ३०, निळा ० असं प्रमाण ठेवा. दगड १९१, आकाश १२५. फरक ६६. कमानी आकाशातून सुट्या होऊन पुढे येतात. हेच उलट करून सगळा भार निळ्यावर टाकला तर आकाश २२० आणि दगड १२०: पांढऱ्या कागदावर काळवंडलेली इमारत.

एकोणिसाव्या शतकातले फोटो असेच दिसतात, त्याचं कारण हेच. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा प्रामुख्याने निळा प्रकाशच टिपायच्या, म्हणून त्यांत आकाश कोरं पांढरं येतं. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली आणि छायाचित्रकार भिंगापुढे रंगीत काच लावू लागले. पिवळ्या काचेने आकाश थोडं गडद होई, लाल काचेने फारच. २५ नंबरची लाल काच लावली की तीन स्टॉप प्रकाश कमी व्हायचा, म्हणजे आठपट वेळ शटर उघडं ठेवावं लागे. आणि काच एकदा लावून फोटो काढला की निर्णय पक्का. आज तोच निर्णय घरी बसून, चहा पिता पिता, दहा वेळा बदलता येतो.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तीनऐवजी आठ रंगांचे स्लायडर, म्हणजे सरकत्या पट्ट्या, मिळतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, अ‍ॅक्वा म्हणजे आकाशी-हिरवट, निळा, जांभळा आणि मॅजेंटा. पट्टी उणेकडे नेली की तो रंग गडद होतो, अधिककडे नेली की उजळ. फोनवरच्या स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ साधनात लाल, नारिंगी, पिवळा असे रंगीत काचांसारखे पर्याय आहेत. प्रत्येक पर्याय एकदा दाबून पाहिला, तरी वर सांगितलेलं सगळं समोर दिसतं.

## दगड ओळखा, आणि त्याचा शेजारीही

कुठल्या रंगाला उजळ करायचं हे इमारत कशाची आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, यावर ठरतं. तयार ‘प्रीसेट’, म्हणजे एका बटणात मिळणारी आधीच ठरवलेली प्रमाणं, इथेच फसतात, कारण त्यांना दगड माहीत नसतो.

चर्चगेटचं इरॉस चित्रपटगृह १९३८ चं. क्रीम रंगाच्या भिंती आणि लाल आग्रा दगड, ही त्याची ओळख. दगड १७०, ९५, ७५ आणि क्रीम भिंत २३५, २२०, १९० धरली, तर एकट्या लाल चॅनेलमध्ये दोघांत ६५ चा फरक राहतो आणि दगडाचे पट्टे फिके पडतात. लाल २० आणि हिरवा ८० केल्यावर दगड ११०, भिंत २२३ आणि मधे आकाश १५०. तीन स्वतंत्र पायऱ्या मिळाल्या. इथे आकाश नाट्यमय करण्याच्या नादात लाल काच लावली तर इमारतीचं सौंदर्यच पुसलं जातं.

आता जुन्या गोव्यातली बॉम जेझूसची बॅसिलिका, १६०५ ची. तिच्या भिंती गिलाव्याविना उघड्या, लालसर जांभ्याच्या आहेत. दर्शनी भागातले खांब आणि कोरीव काम वसईहून आणलेल्या बेसाल्टचं, म्हणजे काळ्या दगडाचं. जांभा १४०, ८५, ६५ आणि बेसाल्ट ९५, ९२, ८८ असे आकडे धरा. नेहमीच्या सूत्राने ९९ आणि ९२. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दोन दगड मुद्दाम वेगळे वापरले आणि आपण एका बटणाने ते एक करून टाकले. फक्त हिरवा घेतला तरी तेच, ८५ आणि ९२. लाल चॅनेल मात्र १४० आणि ९५ देतो: भिंत उजळ, खांब गडद, रचना लख्ख. इरॉस आणि बॅसिलिका, दोन्हीकडे लालसर दगड, पण उपाय अगदी उलट, कारण एकाचा शेजारी क्रीम भिंत आहे आणि दुसऱ्याचा काळा दगड.

उरला आपला काळा पाषाण. वेरूळचं कैलास, मुंबईचं उच्च न्यायालय, सह्याद्रीतले किल्ले. या बेसाल्टचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात, म्हणजे त्याला स्वतःचा असा रंगच फारसा नाही. रंगाचे स्लायडर रंग असलेल्या गोष्टींवरच चालतात, त्यामुळे कितीही सरकवले तरी कैलासाची भिंत हलत नाही. इथे सगळं काम उन्हाचं. सकाळी किंवा उतरत्या दुपारी तिरकं ऊन भिंतीला घासून गेलं की छिन्नीची प्रत्येक खूण दिसते; भर बाराला तीच भिंत सपाट. पावसाळ्यात मात्र दगडावर शेवाळ आणि गवत येतं आणि स्लायडरला पुन्हा काम मिळतं. त्यात एक गोम आहे. गवत आणि बहुतेक पानं आपल्याला हिरवी दिसत असली, तरी सॉफ्टवेअर त्यांचा मोठा भाग पिवळ्यात धरतं. हिरवा स्लायडर टोकाला नेऊनही झाड बदलत नाही, असं झालं तर पिवळा हलवून पाहा. मालाड दगडही नारिंगी आणि पिवळ्यातच पडतो, म्हणून झाड आणि दगड कधी कधी एकत्र सरकतात. तेव्हा झाडापुरता वेगळा मास्क, म्हणजे फोटोच्या तेवढ्याच भागावर चालणारी निवड, करणं भाग पडतं. गेटवे मात्र बेसाल्टचा असूनही पिवळसर आहे, त्याला मालाड दगडासारखंच वागवावं.

## कामाचा क्रम

फोटो शक्यतो रॉ स्वरूपात काढावा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने काही न शिजवता ठेवलेला कच्चा शिधा. त्यात प्रत्येक रंगाच्या ४,०९६ (१२ बिट) किंवा १६,३८४ (१४ बिट) छटा असतात, नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये २५६. तिपाई, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, भिंगाचं छिद्र एफ ८ च्या आसपास, आणि उन्हातला सर्वांत उजळ दगड तपशील जाऊन कोरा पांढरा होणार नाही इतकंच एक्स्पोजर. इमारतीच्या चारही बाजूंनी दहा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडावी. कॅमेरा वर केला की मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो. तो सरळ करताना कडा कापल्या जातात, आणि जागा नसेल तर कळसच जातो.

घरी आल्यावर आधी भिंगाचे दोष काढायचे. यात जांभळ्या-हिरव्या किनारीचा दोष, म्हणजे क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन, आवर्जून काढावा. रंगीत फोटोत ती किनार खपून जाते, पण कृष्णधवल केल्यावर प्रत्येक खिडकीच्या गजाशेजारी काळी किंवा पांढरी रेघ होऊन उभी राहते. मग उभ्या रेषा सरळ कराव्यात. त्यानंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा उबदार-थंड रंगतोल, अजून रंगीत असतानाच. रंग जाणारच आहे तर त्याची काळजी कशाला, असं वाटू शकतं. पण स्लायडर मूळ रंग बघून चालतात. व्हाइट बॅलन्स उबदार केला की दगड उजळतो आणि आकाश थोडं दबतं. हा एक जास्तीचा स्लायडर फुकट मिळाला, असं समजा.

यानंतर रंगांचं प्रमाण. निळा उणे २० ते उणे ४० पासून सुरू करावा. उणे ६० च्या पलीकडे गेलात तर फोटो शंभर टक्के मोठा करून कळसाची कड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेवटी कॉन्ट्रास्ट, आणि हव्या त्या जागी हलक्या ब्रशने उजळ-गडद करणं. डार्करूममध्ये याला डॉजिंग-बर्निंग म्हणत. ब्रशची ताकद ५ ते १० टक्के ठेवून चार वेळा फिरवणं हे एकदाच ४० टक्क्यांनी फिरवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. शार्पनिंग अगदी अखेरीस.

## बिघडतं कुठे?

सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे मनोऱ्याभोवतीची पांढरी रेघ. आकाश गडद केलं आणि राजाबाई टॉवरच्या कडेने खडूने गिरवल्यासारखी ओळ उमटली. कारण साधं आहे. कडेवरच्या ठिपक्यांत थोडा दगड आणि थोडं आकाश असतं. पिवळसर आणि निळा मिसळले की रंग मरतो आणि तो ठिपका जवळपास करडा होतो. करड्याला स्लायडर हात लावत नाही. आकाश खाली गेलं, कड मात्र होती तिथेच राहिली, म्हणून ती पांढरी दिसते. उपाय दोन: निळा स्लायडर अर्ध्यावर आणायचा आणि उरलेलं आकाश वरून खाली जाणाऱ्या मास्कने गडद करायचं, किंवा फोटो काढतानाच भिंगापुढे पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणारी काच, लावायचा. पोलरायझर सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशावर सर्वाधिक चालतो. खूप रुंद भिंगावर तो टाळावा, आकाशाचा एक कोपरा काळा आणि दुसरा फिका येतो.

दुसरा दोष फोनवरच्या आणि जेपेग फोटोंचा. फाइल लहान करताना जेपेग उजेडाचा तपशील जपतो आणि रंगाचा तपशील बहुधा चार-चार ठिपक्यांना मिळून एक असा ठेवतो. डोळ्यांना ते कळत नाही. पण स्लायडर नेमका रंगाच्या त्या जाडसर माहितीवर चालतो, म्हणून ताणला की आकाशात चौकोनी ठिगळं आणि कडेवर पायऱ्या दिसतात. जेपेगवर काम करायचंच असेल तर हात हलका ठेवावा.

दाणे, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा (नॉइज), हेही असेच उसळतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. कोडॅकचे ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात बसवलेली ही जाळी आहे. त्यामुळे हिरवा चॅनेल सर्वांत स्वच्छ. चॅनेल मिक्सरमध्ये लाल १५०, निळा उणे ५० असं केलं तर बेरीज १००च राहते, आकाश ५५ आणि दगड २४० असा जबरदस्त फरकही मिळतो, पण दोन्ही चॅनेलमधले दाणे वाढून एकत्र येतात आणि आकाश वाळूच्या कागदासारखं खरखरीत होतं.

सावल्यांचं गणित वेगळंच आहे. उन्हाच्या दिवशी सावलीत पोचणारा प्रकाश निळ्या आकाशातून आलेला असतो, म्हणून सावली निळसर असते. निळा खाली ओढला की आकाशाबरोबर छज्ज्याखालचं कोरीव काम, कमानींचा आतला भाग, जाळीची खिडकी हेही काळोखात जातं. तिथे ब्रशने उजेड परत आणावा लागतो. काचेच्या टॉवरचंही असंच: काचेत आकाशच दिसत असतं, त्यामुळे निळा कमी केला की अख्खी इमारत काळी.

पावसाळी ढग असताना किंवा हिवाळ्यात मुंबईवर धुरकं असताना आकाशात निळा उरलेलाच नसतो. अशा आकाशावर स्लायडर ताणून डागच पडतात. पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबरमधले स्वच्छ दिवस यासाठी उत्तम. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली काढलेल्या रात्रीच्या फोटोतही वेगळं काढायला काही सापडत नाही, कारण तो प्रकाश जवळपास एकाच रंगाचा असतो.

## कॅमेऱ्यातच मोनोक्रोम ठेवलं तर?

पडद्यावर बघायला जरूर ठेवा, रचना लवकर कळते. पण सोबत रॉ साठवा. रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. नुसत्या मोनोक्रोम जेपेगमध्ये ते कायमचे गेलेले असतात आणि पुढे कुठलाच स्लायडर चालत नाही. फक्त कृष्णधवलसाठी बनवलेले कॅमेरेही आहेत, २०१२ चा लायका एम मोनोक्रोम त्यातला एक. त्यांच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नसते, त्यामुळे तपशील फार सुंदर येतो. मात्र मालाड दगड आणि आकाश वेगळे करायचे तर आजोबांच्या काळासारखी भिंगापुढे रंगीत काच लावावी लागते.

## ही फसवणूक नाही का?

आकाश इतकं काळं कुठे असतं, असा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पण नेहमीचं सूत्रसुद्धा कोणीतरी घेतलेला निर्णयच असतो, आणि बॅसिलिकेचे दोन दगड एक करून दाखवणं हे जास्त खोटं आहे. जे प्रत्यक्षात वेगळं दिसतं ते फोटोत वेगळं दिसावं, ही कसोटी लावली तर बहुतेक निर्णय आपोआप ताळ्यावर राहतात. विजेच्या तारा पुसणं, झाड उडवणं हा निराळा विषय.

काही ठिकाणी मात्र रंग काढूच नये. पणजीच्या फोंतेनाशमधल्या निळ्या, पिवळ्या, लाल भिंती आणि त्यांच्या पांढऱ्या किनारी कृष्णधवल केल्या तर नुसती बऱ्या बांधणीची घरं उरतात. तिथे रंग हाच वास्तूचा भाग आहे.

जीर्णोद्धाराच्या नोंदीसाठी फोटो काढत असाल तर रंगीतच हवा, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यात रंगपट्टी ठेवलेली हवी. ओल कुठवर चढली, लोखंडाचा गंज कुठे उतरला, कुठला दगड नंतर बदलला, हे रंगावरून कळतं. अमेरिकेतल्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी नोंदणीत मोठ्या आकाराची कृष्णधवल फिल्म वापरतात, ती चांदीची प्रतिमा दीर्घकाळ टिकते म्हणून. आपल्या डिजिटल फायलींना ते कारण लागू नाही. म्हणून कृष्णधवल आवृत्ती नेहमी नव्या नावाने, शक्यतो १६ बिट टिफ या, तपशील न गमावणाऱ्या, फाइलप्रकारात साठवा. मूळ रंगीत फाइल तशीच ठेवा आणि तिच्या नावात तारीख, वेळ आणि इमारतीची कुठली बाजू ते लिहा.